होली: पांढऱ्या जादूतला एकुलता एक मोठा हल्ला, पण त्यावर टर्न घालवावा का?

सातवा_स्फटिक

'फायनल फॅन्टसी' या व्हिडिओ गेम मालिकेच्या १९८७ सालच्या पहिल्या भागापासून होली ही जादू आहे, आणि तिची जागाही जवळजवळ ठरलेली. पांढऱ्या जादूची यादी उघडा: बरं करणं, मेलेल्याला उठवणं, ढाली लावणं, आणि तळाशी एकच दणका, तो म्हणजे होली. काळ्या जादूवाल्याच्या पदरात मात्र फ्लेअर, मेटिओर, अल्टिमा अशी रांग.

माझं मत असं की बहुतेक भागांत होली हाती लागते तोवर तिची गरज संपलेली असते. एमपी (जादूला लागणारे गुण) जास्त, मार एकालाच, आणि ज्या पात्राकडे ती असते नेमकं त्याचाच टर्न सगळ्यात महाग. शेवटच्या बॉससमोर हीलरने हल्ला करावा अशी वेळ कितीदा येते?

तर प्रश्न: कोणत्या भागात होली खरोखर टर्न घालवण्याजोगी आहे, आणि कोणत्या सेटअपने? 'मला अ‍ॅनिमेशन आवडतं' असली उत्तरं नकोत. आकडे द्या, कुठे फसतं ते लिहा. कथेचे स्पॉयलर चालतील, खेळ पुरेसे जुने आहेत.

रिकामा_एमपी

हीलरने होली मारली की त्याच फेरीत टँक (पुढे उभा राहून मार झेलणारा) आडवा होतो, हा या मालिकेचा अलिखित नियम आहे.

बखरकार

पहिल्या भागापासूनच घेऊ. तिथे होली आठव्या लेव्हलची आणि फक्त व्हाइट विझर्डला शिकता येते. एका लेव्हलच्या चार जादूंपैकी तीनच शिकता येतात, म्हणजे एक सोडावी लागते. मूळ निन्टेंडो आवृत्तीत किंमत ६०,०००. एमपी नाहीत, लेव्हलनुसार चार्ज (जादू किती वेळा टाकता येईल तो कोटा) आहेत, आणि आठव्या लेव्हलच्या त्याच मोजक्या चार्जमधून पूर्ण उठवणारी जादूही भागवायची असते. खरी अडचण इथे आहे.

ताकद ८०. जादू अडवली गेली तर मार ८० ते १६० आणि पूर्ण बसली तर १६० ते ३२०, तोही समोरच्या सगळ्या शत्रूंना. फ्लेअरची ताकद १००, म्हणजे वरचं टोक ४००. फरक आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही. शिवाय मूळ आवृत्तीत इंटेलिजन्सचा जादूच्या माराशी संबंधच लागत नाही, तो बग आहे. त्यामुळे व्हाइट विझर्डची होली ब्लॅक विझर्डच्या बुद्धीपुढे फिकी पडेल ही भीती तिथे नको.

नेहमी चुकतं ते हे: भुताखेतांवर होली टाकणं. डिया मालिकेतली सातव्या लेव्हलची शेवटची जादू फक्त अनडेडवर चालते, पण तिची ताकदही ८०च आहे. समोर सगळे अनडेड असतील तर सातव्या लेव्हलचा चार्ज वापरा, आठवीचा राखून ठेवा. होली लागते ती जिवंत शत्रूंच्या घोळक्यावर.

कोरडी_विहीर

'एकुलता एक' हे सरसकट चालणार नाही हो. दुसऱ्या भागात अल्टिमाच पांढऱ्या जादूत आहे. (मूळ आवृत्तीत तिचं गणितच बिघडलेलं असल्याने ती फुसकी निघते, हा भाग वेगळा.) तिसऱ्यात एरोपासून टॉर्नेडोपर्यंतचा वाऱ्याचा सगळा गट पांढराच. शीर्षक बदला.

सातवा_स्फटिक

@कोरडी_विहीर, शीर्षक बदलता येत नाही. 'बहुतेक भागांत' हे मनातल्या मनात जोडून घ्या.

@बखरकार, म्हणजे पहिल्या भागात होली सगळ्यांवर पडते. एकट्या शत्रूवरचा वार ही तिची पुढची ओळख.

नवखा_मूगल

एक शंका. चौथ्या आणि सहाव्या भागाचे जुने गाइड चाळतोय, होली नावाची जादूच सापडत नाही. काढून टाकली होती का?

बखरकार

नाही. जुन्या इंग्रजी आवृत्त्यांत नावं वेगळी होती. पहिल्या भागात 'फेड', चौथ्यात 'व्हाइट', सहाव्यात 'पर्ल'. त्या नावाने शोधा, आकडे जुळतील.

टर्नबेस्ड

पाचव्या भागाशिवाय या धाग्याला अर्थ नाही, म्हणून लिहितो.

होली तिथे सहाव्या लेव्हलची, एमपी फक्त २०. त्याच लेव्हलच्या फ्लेअरला ३९. जवळपास निम्म्या खर्चात त्याच तोडीची जादू मिळते, म्हणून धागाकर्त्यांचा 'एमपी जास्त' हा मुद्दा इथे बाद.

मिळवायची जागा फोर्क टॉवर. पार्टी दोन-दोन जणांत फुटते. एका मनोऱ्यात जादू चालत नाही, तिथे वर मिनोटॉर बसलाय आणि त्याच्याकडे होली आहे. दुसऱ्यात शस्त्र उपसलं की पस्तावाल, तिथे ऑम्निशियंट आहे आणि त्याच्याकडे फ्लेअर. दोन्ही बाजू पार कराव्याच लागतात, एक सोडून चालत नाही. लोक फसतात ते विभागणीत: दोन चांगले लढवय्ये आणि दोन चांगले जादूगार आधी ठरवून त्यांचे जॉब (पेशे) आणि साहित्य मनोऱ्यात शिरण्यापूर्वीच बदलून घ्या. ऑम्निशियंटला चुकून शस्त्राचा वार बसला तर तो रिटर्न टाकतो आणि लढाई पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. काउंटर देणारी कौशल्यं म्हणूनच काढून ठेवा. पात्र आपणहून उलटा वार करतं आणि बघता बघता सगळं पाण्यात.

आणि मिनोटॉर मरताना होली टाकायला जातो, पण त्याच्याकडे एमपी नसतात. पडद्यावर तसा संदेश येतो आणि तो गपगार. अख्ख्या मालिकेत होलीवरचा याहून चांगला विनोद नाही.

रिकामा_एमपी

त्या मिनोटॉरच्या सन्मानार्थच माझा आयडी आहे. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं वाटतं.

गिलगमेशचा_आठवा_हात

@टर्नबेस्ड, अर्धीच गोष्ट सांगितलीत. पाचव्या भागात होलीचा खरा उपयोग व्हाइट मेजकडे (पांढऱ्या जादूगाराकडे) नाहीच, मिस्टिक नाइटकडे आहे. स्पेलब्लेडच्या सहाव्या लेव्हलला तलवारीवर होली चढवता येते. त्यावर रेंजरचं रॅपिड फायर लावा: चार वार, प्रत्येकाचा मार निम्मा, पण नेम चुकत नाही आणि संरक्षण धरलं जात नाही. दोन हातांत दोन शस्त्रं असतील तर आठ वार. शत्रू होलीला कच्चा असेल तर जादू म्हणून मारलेली होली याच्या जवळपासही येत नाही.

काळजी दोन. पहिल्या टर्नमध्ये स्पेलब्लेड चढवायची, दुसऱ्यापासून रॅपिड फायर, म्हणजे छोट्या लढाईत हा खटाटोप नको. दुसरं, रॅपिड फायर लक्ष्य आपणहून निवडतं. समोर चौघं असतील तर वार विखुरतात. एकट्या बॉससाठीच ठेवा.

मंत्र_आणि_तंत्र

सहाव्या भागाचं गणित कोणी मांडत नाही म्हणून मांडतो.

होली: ४० एमपी, ताकद १०८, पवित्र तत्त्व. फ्लेअर: ४५ एमपी, ताकद ६०, पण शत्रूचं जादू-संरक्षण धरत नाही. नुसती ताकद पाहून लोक होली उचलतात आणि 'मार कमी का पडला' म्हणून विचारतात. कारण असं: संरक्षण लागू झालं की मार (२५५ वजा संरक्षण) भागिले २५६ या प्रमाणात घटतो. होलीचे १०८ फ्लेअरच्या ६० इतके उरण्यासाठी संरक्षण साधारण ११३ असावं लागतं. त्याहून जास्त असेल तर फ्लेअर पुढे. आणि उत्तरार्धातल्या बऱ्याच शत्रूंचं संरक्षण दीडशेच्या आसपास असतं, तिथे होलीचे १०८ चे ४४ होतात.

पण शत्रू होलीला कच्चा असेल तर मार दुप्पट. ४४ चे ८८, म्हणजे फ्लेअर मागे पडते. थोडक्यात आधी स्कॅन (शत्रूची कमजोरी बघणं), मग होली. आंधळेपणाने टाकायची असेल तर फ्लेअर टाका. अल्टिमा मिळाली की दोन्ही विसरा: ८० एमपी, ताकद १५०, संरक्षण बाजूला, आणि सगळ्यांवर.

शिकण्यासाठी एस्पर (लावला की जादू शिकवणारा जीव) अलेक्झांडर. जगाचा विनाश झाल्यावर सायनला पार्टीत घेऊन डोमा किल्ल्यात झोपा, स्वप्नातला सगळा प्रकार पार करा, शेवटी रेक्ससोल हा बॉस. शिकण्याचा दर २ पट, म्हणजे ५० एपी (लढाईतून मिळणारे शिकण्याचे गुण) लागतात. एपी देणाऱ्या शत्रूंच्या भागात एस्पर लावून फिरा, पण एकाच वेळी सगळ्यांना शिकवायच्या नादी लागू नका. एस्पर एकच आहे, एका वेळी एकालाच लावता येतो.

लांबपल्ल्याचा_चोकोबो

@मंत्र_आणि_तंत्र, गणित बरोबर, पण एमपीची बाजू राहिली. गोल्ड हेअरपिनने खर्च निम्मा होतो, सेलेस्ट्रियाडने १. सेलेस्ट्रियाड लावल्यावर ४० विरुद्ध ४५ हा वाद उरतच नाही. आणि अर्थात ८० चाही. मग होलीच्या बाजूने कमजोरी सोडून काहीच राहत नाही.

मंत्र_आणि_तंत्र

तेच म्हणतोय मी.

शून्य_फेथ

मुख्य भागांवरच अडकलात सगळे. होलीचं सगळ्यात नेटकं गणित 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स'मध्ये आहे (१९९७, प्लेस्टेशन).

शिकायला ६०० जेपी (कौशल्य शिकण्याचे गुण), खर्च ५६ एमपी, पल्ला ५ चौकोन, लक्ष्य एकच. मार = जादूची ताकद × ५० × (मारणाऱ्याचा फेथ, म्हणजे श्रद्धेचा आकडा, ÷ १००) × (खाणाऱ्याचा फेथ ÷ १००). ताकद १५, तुमचा फेथ ८०, समोरच्याचा ७०: ७५० गुणिले ०.८ गुणिले ०.७, म्हणजे ४२०. राशींचा मेळ यावर आणखी वरखाली करतो. आता समोरच्याचा फेथ ४० असला तर तीच होली २४० वर येते. म्हणजे होली कोणावर टाकायची हे त्याच्या एचपीवरून (जीवाच्या आकड्यावरून) नाही, फेथवरून ठरवा. शत्रूचे जादूगार बहुधा उत्तम गिऱ्हाईक, कारण फेथ जास्त आणि एचपी कमी. इनोसंट लागलेल्या शत्रूवर टाकू नका, फेथ शून्य धरला जातो आणि मारही शून्य.

फसण्याच्या जागा:

चार्ज, म्हणजे जादू सुटण्याआधीची तयारी. वेग १७, म्हणजे सुटायला ६ टिक (वेळेचे ठोके). तोवर तुमचा मेज चार्जिंगमध्ये उभा असतो, त्याला वार चुकवता येत नाही आणि मारही जास्त बसतो. लक्ष्य निवडताना चौकोन नको, युनिट निवडा, नाहीतर शत्रू एक पाऊल सरकतो आणि होली रिकाम्या जमिनीवर पडते.

एमपी. ते जादू सुटताना कापले जातात. मधल्या वेळात एमपी चोरले गेले तर सगळं फुकट.

चामिलियन रोब (झगा) आणि एक्सकॅलिबर (तलवार). दोन्ही होली शोषतात. शत्रूच्या अंगावर यातलं काही असेल तर तुम्ही त्याला औषध देताय. उलट आपल्याच एक्सकॅलिबरवाल्याला आपलीच होली टाकली की तो भरून निघतो. क्युअरपेक्षा महाग, पण मोठ्या एचपीवाल्याला एका दमात.

रिकामा_एमपी

स्वतःच्या सेनापतीवर आकाशातून प्रकाशाचा स्तंभ पाडून त्याची तब्येत सुधारणं. याला म्हणतात उपचार.

कोरडी_विहीर

@शून्य_फेथ, आणि फेथ वाढवत बसणाऱ्यांना इशारा द्यायला विसरलात. कायमचा फेथ ९५ किंवा वर गेला की ते पात्र पार्टी सोडून जातं. लढाईत वाढवलेल्या फेथचा चौथा भाग कायमचा जमा होतो. दर लढाईत प्रवचन देत सुटलात तर एक दिवस तुमचा सर्वोत्तम होलीवाला निरोप घेऊन चालू पडेल. ९४ वर हात आवरा.

गिलगमेशचा_आठवा_हात

टॅक्टिक्समध्ये होलीला स्पर्धा अगरियास या होली नाइटची आहे. होली नाइटचे तलवारीचे वार लगेच बसतात, एमपी लागत नाहीत, फेथची भानगड नाही. ६ टिक थांबून ५६ एमपी जाळणाऱ्या मेजपेक्षा ती केव्हाही बरी. धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा इथेच सिद्ध होतो.

शून्य_फेथ

होतो कसला. अगरियासच्या लाइटनिंग स्टॅबचा पल्ला ३, होलीचा ५, आणि उंचसखल नकाशावर हे दोन चौकोन सगळं ठरवतात. छपरावर बसलेल्या धनुर्धाऱ्यापर्यंत अगरियासला पोचायला दोन टर्न जातात. पोचल्यावर ती भारी आहे, यात वाद नाही.

अकरावा_अध्याय

दहावा भाग (२००१). इथे मात्र मी पूर्णपणे धागाकर्त्यांच्या बाजूने.

होलीला ८५ एमपी. फ्लेअरला ५४. अल्टिमाला ९०. म्हणजे पाचच एमपी जास्त देऊन सगळ्यांवर पडणारी जादू मिळत असताना एकट्यावरच्या जादूला ८५ मोजायचे. स्फिअर ग्रिडवर (कौशल्यं शिकण्याच्या पटावर) ती हीलर युनाच्या मार्गाच्या शेवटाकडे बसवली आहे, पण युनाचं काम तोवर एऑन (मदतीला येणारे महाकाय जीव) बोलावणं आणि सगळ्यांना जिवंत ठेवणं हे झालेलं असतं.

वरून डबलकास्ट. ते फक्त काळ्या जादूला लागू आहे. एका टर्नमध्ये दोन फ्लेअर किंवा दोन अल्टिमा जमतात, दोन होली कधीच नाही. निर्वाणा हे युनाचं शस्त्र पूर्ण ताकदीचं केलं की ब्रेक डॅमेज लिमिट आणि वन एमपी कॉस्ट दोन्ही मिळतात, म्हणजे ८५ चा प्रश्न सुटतो आणि ९,९९९ ची मर्यादाही जाते. पण तेच युनाला काळ्या जादूच्या बाजूने फिरवून डबलकास्ट दिलं तर? दोन वार. होलीच्या बाजूने राहते फक्त कमजोरी.

आणि कमजोरीचं म्हणाल तर अनडेडवर होली टाकायची गरज काय? एव्हरे अल्ताना हा अख्खा बॉस दोन फिनिक्स डाउनने (मेलेल्याला उठवणाऱ्या पिसांनी) संपतो.

लांबपल्ल्याचा_चोकोबो

सहाव्यातली फँटम ट्रेन एकाच फिनिक्स डाउनने. या मालिकेत भुतांचा कर्दनकाळ होली नाही, पिसं आहेत.

बखरकार

@अकरावा_अध्याय, दहाव्याने नाकारलं ते नवव्याने आधीच देऊन ठेवलं होतं. २००० सालच्या नवव्या भागात होली फक्त आयकोकडे, ३६ एमपी. ट्रान्समध्ये (जोमाच्या खास अवस्थेत) गेली की तिला डबल व्हाइट मिळतं, म्हणजे एका टर्नमध्ये दोन पांढऱ्या जादू. दोन होली, किंवा एक होली आणि एक उपचार. हे दुसरं जोडकाम मला जास्त मोलाचं वाटतं, कारण 'हीलरचा टर्न फुकट गेला' ही तक्रारच संपते. अडचण एकच, ट्रान्स केव्हा येईल ते तुमच्या हातात नाही. राखून ठेवता येत नाही, भरला की लागतो.

नवखा_मूगल

आणि सातवा? तिथे तर सगळी कथाच होलीभोवती आहे ना?

टर्नबेस्ड

कथा आहे, जादू नाही. १९९७ च्या मूळ सातव्या भागात होली खेळाडूच्या हाती येतच नाही. नायिका एरिथ व्हाइट मटेरिया (जादूचा स्फटिक) घेऊन विसरलेल्या राजधानीत प्रार्थना करते, होलीला हाक जाते, खलनायक सेफिरॉथ तिला अडवून धरतो, आणि ती सुटते ती शेवटी, तेव्हा मेटिओर इतका जवळ आलेला असतो की लाइफस्ट्रीमला (ग्रहाच्या जीवनशक्तीला) मधे पडावं लागतं. एमपी मोजण्याचा प्रश्नच नाही.

पवित्र तत्त्वाचा मार तुम्हाला हवाच असेल तर अलेक्झांडरचा समन मटेरिया. १२० एमपी. ग्रेट ग्लेशियरमध्ये आधी गरम पाण्याच्या झऱ्याला हात लावा, मग गुहेतल्या स्नो नावाच्या बाईकडे जा. झऱ्याला हात न लावता गेलात तर ती लढत नाही आणि मटेरियाही मिळत नाही. बरेच जण नेमकी ही पायरी गाळतात आणि वादळात चकरा मारत बसतात.

कोरडी_विहीर

आठवा पण होऊन जाऊ दे. तिथे होली टाकण्याची जादू समजू नका. एकेक जादू साठ्याने मिळते, जास्तीत जास्त १००, आणि हा साठा पात्राच्या आकड्यांना जंक्शन करायचा (जोडायचा) असतो. जंक्शन केलेली होली लढाईत टाकली की साठा घटतो आणि त्याबरोबर तुमचा आकडाही. एलिमेंट-अटॅकला होली लावा, प्रत्येक साधा वार पवित्र होतो, साठा तसाच राहतो. इतकंच.

तीन_लिली

ऑनलाइन चौदाव्या भागाचं कोणी नाव घेतलं नाही याचं नवल वाटतं. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे, कारण तिथे होली माराच्या आकड्यासाठी टाकत नाहीत.

व्हाइट मेजला होली लेव्हल ४५ ला मिळते. २०२१ च्या एंडवॉकरपासून लेव्हल ८२ ला ती होली ३ होते. तुमच्याभोवती ८ यार्डांचं वर्तुळ, कास्ट २.५ सेकंद, ४०० एमपी, पोटन्सी (माराचं प्रमाण) १४०, होली ३ ची १५०. तत्त्व काहीच नाही, त्यामुळे अनडेडवर वेगळा परिणाम नाही. मुद्दा आहे स्टनचा: वर्तुळातल्या सगळ्यांना ४ सेकंद. स्टनमध्ये शत्रू साधा वारही करत नाही. म्हणजे दहा जणांचा घोळका टँकवर तुटून पडलेला असताना पहिले काही सेकंद टँकला शून्य मार. हा उपचारच आहे, फक्त उलट्या बाजूने केलेला.

आता बारीक गोष्टी. एकाच शत्रूवर स्टन पुन्हा लावला की तो निम्मा होतो: ४, मग २, मग १, आणि नंतर साधारण मिनिटभर लागतच नाही. एकूण ७ सेकंद. पण २.५ सेकंदांनी लागोपाठ होली टाकल्या तर दुसरी पहिल्याच्या स्टनमध्येच पडते आणि ते सेकंद एकमेकांत जिरतात. टँकचा जीव वर-खाली होत असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या होलीच्या मधे एक झटपट जादू घाला, रीजेन किंवा अफ्लेटस रॅप्चर. पूर्ण ७ सेकंद मिळतात. टँक दणकट असेल तर मात्र असलं काही करू नका, सरळ होलीवर होली टाका, घोळका लवकर संपणं हाच मोठा बचाव.

नवे व्हाइट मेज दोन गोष्टी करतात आणि पार्टी मरते. टँक धावत असतानाच कास्ट सुरू करतात, आणि मागे पडलेले तीन-चार शत्रू वर्तुळाबाहेर राहतात. टँक थांबू द्या, त्याच्या अगदी अंगाला चिकटून उभे राहा, मग टाका. दुसरं, स्टन संपल्यावरही त्याच भरात होली चालू ठेवतात. चौथ्या होलीपासून शत्रू पूर्ण जोमात असतात आणि तोवर टँकने आपले कूलडाउन (बचावाची कौशल्यं) वापरलेले नसतात.

लांबपल्ल्याचा_चोकोबो

यात टँकची बाजू जोडतो. व्हाइट मेज सोबत असेल तर मोठे कूलडाउन घोळका जमताक्षणी दाबू नका, पहिल्या होलींच्या स्टनमध्ये ते वाया जातात. स्टन ओसरायला लागला की पहिला मोठा कूलडाउन. धावताना हलका एखादा पुरतो. आणि घोळक्यावर लो ब्लो मारू नका, तोही स्टनच आहे. ज्याला मारलात त्याच्या हिशोबातला ४ सेकंदांचा हप्ता तुम्ही खाल्लात.

नवखा_मूगल

बॉसवर?

तीन_लिली

बॉसला स्टन लागत नाही. एकच शत्रू असेल तर ग्लेअर (एकट्यावरचा वार). वरच्या लेव्हलला तीन किंवा जास्त शत्रू असतील तेव्हाच होली माराच्या दृष्टीनेही पुढे जाते. दोघांवर टाकायची झाली तर ती फक्त स्टनसाठी. एमपीकडे लक्ष ठेवा, लागोपाठ सात-आठ झाल्या की ल्युसिड ड्रीमिंग (एमपी भरून देणारं कौशल्य) दाबलेलं असायला हवं. आणि डोळे दिपत असतील तर सेटिंगमध्ये बॅटल इफेक्ट कमी करा.

अकरावा_अध्याय

चौदाव्यातली होली नावापुरतीच होली आहे. तत्त्व नाही, मोठा आकडा नाही, एकट्यावरचा वार नाही. या धाग्यात ती कशी बसते?

बखरकार

@अकरावा_अध्याय, उलट पहिल्या भागातली होलीही सगळ्यांवरच पडायची. एकट्यावरचा वार हीच मधली वळणवाट म्हणा.

सातवा_स्फटिक

भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. पाचव्यातल्या २० एमपींसमोर माझा खर्चाचा मुद्दा टिकत नाही, हे मान्य. सहाव्यात आणि दहाव्यात तो तसाच उभा आहे. चौथ्यातही: रोझाला होलीसाठी ४६ एमपी, आणि शेवटच्या पाचजणांत उपचाराचा सगळा भार तिच्यावर. रिडिया ५० एमपींत फ्लेअर टाकत असताना रोझाने तिकडे वळण्याचं कारण दिसत नाही.

टॅक्टिक्सबद्दल मात्र एक विचारायचंय. शॉर्ट चार्ज आणि हाफ ऑफ एमपी दोन्ही सपोर्टच्या खान्यात बसतात आणि खाना एकच. होलीवाल्यासाठी कोणतं?

शून्य_फेथ

शॉर्ट चार्ज. ८०० जेपी आहे, पण ६ चे ३ टिक होतात, आणि टॅक्टिक्समध्ये होली बसत नाही ती बहुतेक वेळा उशिरामुळे. सुटायच्या आत लक्ष्य आधीच दुसऱ्या कोणी मारलेलं असतं किंवा तुमचाच मेज पडलेला असतो. हाफ ऑफ एमपीने ५६ चे २८ होतात खरे, पण एका लढाईत दोनपेक्षा जास्त होली टाकायची वेळ क्वचित येते. एमपी कमी पडतच असतील तर हालचालीच्या खान्यात मूव्ह-एमपी अप लावा, तो वेगळा खाना आहे. दर टर्नला एक चौकोन का होईना सरका, नाहीतर भरत नाही.

आणि शॉर्ट चार्ज असो वा नसो, लक्ष्य पक्कं करण्याआधी एटी यादी उघडून बघा. होली कोणाच्या टर्नच्या आधी सुटणार आणि कोणाच्या नंतर, ते तिथे ओळीने दिसतं. लक्ष्याचा टर्न होलीच्या आधी येत असेल आणि त्याच्या आवाक्यात तुमचा मेज असेल, तर दुसरं गिऱ्हाईक शोधा.

रिकामा_एमपी

आणि एमपी आहेत ना, तेही बघा. एक मिनोटॉर पुरे.